गादी माहेरची की सासरची? काल्पनिक राज्यातल्या राज्यकर्त्या स्त्रिया

(दादर इथं कथालेखकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपण बसलोय तिथून माहीम हाकेच्या अंतरावर आहे. मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे गेली ती हुंड्यात, हे आपण शाळेत शिकतो. हुंडा दिला कोणी, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. 1661 साली तो विवाहाचा तह झाला, तेव्हा पोर्तुगालचा राजा आफोन्सो होता, पण कारभार त्याची आई लुइसा बघत होती. तिनं मुलगी कॅथरिन इंग्लंडच्या राजाला दिली आणि सोबत मुंबई दिली. 1662 मध्ये लुइसाचा कारभार संपवला गेला. मुंबईचा ताबा प्रत्यक्षात मिळाला 1665 मध्ये, कारण गोव्याचा व्हाइसरॉय ती द्यायला राजी नव्हता. त्यानंतरही 'मुंबई' म्हणजे नेमकी किती जमीन, त्यात माहीम धरायचं की नाही, यावर भांडण चाललंच.

राजमातेचा शब्द किती दूर पोचतो आणि तिचा कारभार गेल्यावर त्या शब्दाचं काय होतं, हे प्रश्न कल्पित राज्य उभं करताना आधी सोडवावे लागतात. अद्भुत कथांचं हस्तलिखित वाचताना बहुतेकदा दिसतं ते असं: राणी तलवार चालवते, दरबारात कडाडून बोलते, तिचा घोडासुद्धा छान रंगवलेला असतो. पण ती गादीवर कोणत्या हक्कानं आहे, ते लेखकानं ठरवलेलंच नसतं. मग कथानक अर्ध्यावर आलं की चुलता बंड करतो आणि त्याचं म्हणणं बरोबर की चूक, हे वाचकाला कळत नाही.

म्हणून पहिला प्रश्न आपल्या घरातलाच विचारा: ही गादी तिच्या माहेरची आहे की सासरची?

आपल्या डोळ्यांसमोर येणाऱ्या राज्यकर्त्या बहुतेक सासरच्या गादीवरच्या. ताराबाई, अहिल्याबाई, झाशीची लक्ष्मीबाई. नवरा, सासरा किंवा मुलगा गेला आणि कारभार हाती आला. माहेरच्या गादीवरच्या वेगळ्या: दिल्लीची रझिया, वरंगळची रुद्रमादेवी, भोपाळच्या शाहजहान आणि सुलतान जहान बेगम. या दोन जातींच्या राण्यांचे शत्रू वेगळे, कमजोरी वेगळी, राज्य पुढे कुणाकडे जाणार तेही वेगळं. सासरच्या राणीला सवत, दीर आणि मोठा होत चाललेला मुलगा यांच्याशी सामना असतो. माहेरच्या राणीला भाऊ, चुलता आणि मुख्य म्हणजे नवरा.

आता थोडं गणित. तुमच्या राज्याचा इतिहास 300 वर्षांचा आहे, पिढी 25 वर्षांची धरली, म्हणजे 12 पिढ्या. प्रत्येक राजाची तीन मुलं जगली असं समजा. तिन्ही मुलीच असण्याची शक्यता आठात एक. बारा पिढ्यांत एकदाही तशी वेळ न येण्याची शक्यता साधारण 20 टक्केच उरते. दोनच मुलं जगत असतील, तर जेमतेम तीन टक्के. म्हणजे 'या घराण्यात फक्त मुलीच उरल्या, असं कधी झालंच नव्हतं' हे वाक्य लिहू नका. ते एकदा तरी होऊन गेलेलं असणार आणि तेव्हा काय केलं, त्याचा दाखला दोन्ही पक्ष दरबारात काढणार.

मग आपल्याकडे मुली गादीवर इतक्या कमी का आल्या? कारण दोन दारं उघडी होती. राजाला अनेक राण्या असत आणि शिवाय दत्तक घेता येत असे. दत्तकविधान झालं की मुलीपर्यंत पाळी येतच नाही. विधवेला बाजूला सारायचं हत्यार म्हणूनही दत्तक वापरता येतो. 1767 मध्ये अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव होळकर गेले, तेव्हा दरबारातल्या एका गटाचा अहिल्याबाईंना आग्रह हाच होता, की मूल दत्तक घ्या आणि कारभारातून बाजूला व्हा. त्यांनी मानलं नाही. पेशव्यांची मान्यता मिळवली, फौज सेनापती तुकोजी होळकरांकडे दिली आणि खजिना स्वतःकडे ठेवला. तलवारीपेक्षा ही वाटणी कथेत जास्त कामाची आहे. फौजेचा पगार जिच्या तिजोरीतून निघतो, तिला सेनापतीशी रोज भांडावं लागत नाही. तेव्हा तुमच्या राज्यात कन्येला गादी मिळावी असं वाटत असेल, तर दत्तकाचं दार आधी बंद करा आणि ते बंद का, याचं राज्यातलं कारण द्या. कुलदेवतेला रक्ताच्या वारसाचाच नैवेद्य चालतो, एवढं कारणही पुरतं, पण ते पहिल्या पन्नास पानांत आलं पाहिजे.

वारसाचा नियम एका वाक्यात लिहून काढा आणि शब्द तोलून लिहा. 1553 मध्ये इंग्लंडचा पंधरा वर्षांचा राजा एडवर्ड मरणाला टेकला होता. त्यानं स्वतःच्या हातानं वारसाचा मसुदा केला. आधी लिहिलं, गादी नात्यातल्या 'जेनच्या पुत्रांना'. पण जेनला अजून मूलच नव्हतं. मग एक अक्षर खोडून वर दोन शब्द घातले, 'जेनला आणि तिच्या पुत्रांना'. एवढ्या खाडाखोडीनं ती राणी झाली आणि नऊ दिवसांत कैदेत गेली, कारण एडवर्डची सावत्र बहीण मेरी हिला वारस ठरवणारा संसदेचा आधीचा कायदा तसाच होता आणि लोक मेरीच्या बाजूला गेले. तुमच्या कथेत असा कागद असेल तर शाई, खोडलेलं अक्षर आणि साक्षीदार, तिन्ही दाखवा. नियम बदलताना तो कधीपासून लागू, हेही ठरवा. स्वीडननं पहिल्या अपत्याला, मग मुलगा असो वा मुलगी, गादी देणारा कायदा 1980 च्या 1 जानेवारीला लागू केला आणि 1979 मध्ये जन्मलेला सात महिन्यांचा युवराज त्या दिवशी युवराज राहिला नाही, त्याची थोरली बहीण वारस झाली. तिथं ते शांतपणे पार पडलं. तुमच्या राज्यात त्या बाळाच्या आजोळी वीस हजार घोडेस्वार असतील तर पार पडणार नाही.

आता सासरच्या राणीकडे येऊ. तिचं सगळं बळ एका मुलाच्या नावावर उभं असतं आणि तो मुलगा रोज मोठा होतो. म्हणून वयात येण्याचं वर्ष आकड्यात ठरवा. सोळा म्हणा, अठरा म्हणा, पण ठरवा. वाकाटकांची प्रभावतीगुप्ता बघा, आपल्या विदर्भातली, रामटेकजवळच्या नंदिवर्धनची. पुण्यात उजेडात आलेला तिचा ताम्रपट तिच्या कारभाराच्या तेराव्या वर्षातला आहे आणि त्यात मुलगा दिवाकरसेन अजून 'युवराज'च आहे, महाराज नाही. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे त्या पटाची सुरुवात. वंशावळ वाकाटकांची नाही, गुप्तांची आहे. समुद्रगुप्त, चंद्रगुप्त, म्हणजे तिचं माहेर. सासरच्या गादीवर बसून ती माहेरचं वजन वापरते आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोणाचं नाव आधी कोरलं, यातून अख्खं राजकारण कळतं. तुमच्या राणीच्या आज्ञापत्राच्या पहिल्या तीन ओळी लिहून बघा. तिथं अडलात तर हक्क ठरलेला नाही असं समजा.

ताराबाईंचं उदाहरण आणखी कठीण. 1700 मध्ये राजाराम महाराज गेले, मुलगा चार वर्षांचा. सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली. औरंगजेब मेला आणि मोगलांनी शाहूंना सोडलं. इथं थांबून विचार करा: मोगलांनी वारस मारला नाही, पाठवून दिला. त्यामुळं एका गादीला दोन हक्कदार झाले, थोरल्या पातीचा आणि धाकट्या पातीचा. शत्रूच्या कैदेतला वारस हे कथालेखकाच्या हातातलं फार मोठं साधन आहे आणि आपले लेखक त्याला नुसता सोडवून आणतात. पुढं 1714 मध्ये ताराबाईंना कैद झाली ती शत्रूकडून नाही, तर सवत राजसबाईंनी आपल्या मुलाला पुढं केलं म्हणून. तोवर ताराबाईंचा मुलगा अठरा वर्षांचा होता. राजमातेनं मुलाच्या नावानं चौदा वर्षं राज्य केलं, की सरदारांना 'आता याच्या हाती द्या' किंवा 'दुसऱ्याला बसवा' असं म्हणायला जागा मिळते.

माहेरच्या राणीचा पेच लग्नात आहे. तिनं लग्न केलं तर मुलं कोणत्या कुळाची? करारात चार कलमं तरी हवीत: नवऱ्याचा दर्जा, त्याच्या मुलखाचं काय होणार, त्याची फौज कुणाचा हुकूम मानणार आणि राणी आधी गेली तर त्याचा हक्क काय. काकतीयांच्या रुद्रमादेवीला मुलगा नव्हता, तर मुलीचा मुलगा प्रतापरुद्र पुत्र म्हणून घेतला. ती स्वतः लेखांत 'रुद्रदेव महाराज' अशा पुरुषी नावानं येते. काश्मीरची दिद्दा तर सासरच्या गादीवर होती, पण मुलगा आणि नातू गेल्यावर 1003 मध्ये राज्य तिच्या भावाच्या मुलाकडे गेलं. म्हणजे सासरची गादी माहेरी पोचली आणि घराणंच बदललं. काश्मीरचा इतिहास लिहिणारा कल्हण सांगतो की तिनं भाच्यांसमोर फळांचा ढीग टाकला. बाकीचे झोंबाझोंबी करत राहिले आणि संग्रामराजानं दुखापत न होता सगळ्यांत जास्त फळं मिळवली. निवड कशी झाली हे दाखवायला याहून सुटसुटीत प्रसंग मला माहीत नाही.

शेजाऱ्यांच्या वचनांवर राणीला उभी करू नका. ऑस्ट्रियाच्या सम्राटानं 1713 मध्ये मुलीलाही वारसा देणारा नियम केला आणि पुढची वर्षं दरबारोदरबारी संमत्या गोळा केल्या. 1740 च्या ऑक्टोबरात तो गेला आणि डिसेंबरात प्रशियाची फौज सायलेशियात शिरली. त्याची मुलगी मारिया थेरेसा हिनं राज्य राखलं, पण तो प्रांत गेला तो गेलाच.

जादूबद्दल थोडक्यात. खरा वारस ओळखणारा मणी ठेवलात की वारसाचा वादच मरतो. मणी ठेवायचाच तर त्याला मर्यादा घाला. तो रक्त ओळखतो, पण थोरला-धाकटा ओळखत नाही. तो जिथं आहे त्या देवळाची किल्ली कुणाकडे आहे, तेही लिहा. माणसं तीनशे वर्षं जगत असतील, तर युवराज दोनशे वर्षं नुसता वाट बघतो आणि असा युवराज शहाणा राहत नाही.

आणि साक्षीदार. मूल राजवंशातलं आहे हे कोणाच्या शब्दावर मानायचं? 1749 च्या डिसेंबरात शाहू महाराज निपुत्रिक गेले. ताराबाईंनी सांगितलं होतं, माझा नातू रामराजा दोन दशकांहून जास्त काळ लपवून वाढवला आहे. त्याला आणून साताऱ्याच्या गादीवर बसवलं. वर्षही सरलं नाही तोच तो ऐकेना म्हणून त्याला किल्ल्यावर अडकवलं आणि तो आपला नातू नव्हेच, असं म्हणू लागल्या. 1752 मध्ये जेजुरीला खंडोबासमोर तशी शपथ घेतली. तरी रामराजा छत्रपती म्हणून राहिला, कारण पेशव्यांना तो हवा होता. तुमच्या राज्यात त्या बाळंतपणाच्या वेळी खोलीत कोण कोण होतं त्यांची नावं लिहा: सुईण, दाई, दारावरचा पहारेकरी. मग त्यातली किती माणसं गादीच्या वेळी जिवंत आहेत आणि ती आज कुणाच्या पगारावर आहेत, ते नावापुढं टिपून ठेवा.