वेणी मोजताना

मंडळी, सीतेची वेणी, म्हणजे झाडावर वाढणारी, वेणीसारखे लोंबते तुरे येणारी आमरी (ऑर्किड), कोणी कोणी पाहिली आहे? बरेच हात वर आले. आता तिचं पान कसं असतं, सांगा. बघा, एकदम शांतता!

फुलं वर्षातून दोन-तीन आठवडे, पान मात्र बारा महिने समोर असतं. जाड, पट्ट्यासारखं, मधोमध पन्हळ पडलेलं, टोक कुरतडल्यासारखं. आमरी ओळखायची तर तिथून सुरुवात.

माझ्या पिशवीत बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर, रंग जुळवायची रंगपट्टी, वही आणि शिवणाचा दोरा असतो. दोरा कशाला? वेणी लोंबते, वाकते. फूटपट्टी तिला लागत नाही. दोरा तिच्या अंगाने सोडायचा आणि मग पट्टीवर मोजायचा. फूल घ्यायचं ते वेणीच्या मधलं, कारण शेंड्याकडची बारीक असतात. निदलं (बाहेरच्या पाकळ्या), आतल्या पाकळ्या, ओष्ठ म्हणजे ओठासारखी वेगळी पाकळी, मागची सोंड, सगळ्यांची लांबी-रुंदी. रंग दिवसाउजेडी, सावलीत जुळवायचा. पिवळ्या बल्बखाली तिच्या गुलाबी ठिपक्यांचा काय वाटेल तो रंग होतो.

एवढं करूनही मी फसलो. उन्हातल्या आंब्यावरच्या वेण्यांची पानं आखूड, पिवळसर. गर्द रानातल्यांची लांब, हिरवीगार. मी वहीत ऐटीत लिहिलं, ‘दोन प्रकार’. पुढे वादळात मोडलेल्या फांद्यांवरची दोन्हीकडची रोपं परवानगी घेऊन एकाच शेडनेटमध्ये वाढवली. दोन वर्षांनी नवी पानं सारखीच! मी झाड मोजलंच नव्हतं, ऊन मोजलं होतं. एका छपराखालीही जो फरक उरतो, तोच रोपाचा स्वतःचा. संकर करणाऱ्याला तोच हवा असतो.

मेघालयातल्या खासी टेकड्यांतली निळी वांडा ही दुसरी आमरी घ्या. निळाई तिची, पण फूल थोडं पिळवटलेलं. फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावरची वांडा सँडेरियाना गोल, सपाट, भरदार. दोघींचा संकर ‘रॉथशिल्डियाना’ नावाने 1931 साली नोंदला गेला आणि निळा रंग भरदार फुलावर आला. संकर करणं हाताला सोपं आहे. काडेपेटीची काडी फुलाच्या तोंडाशी हळूच लावा, बारीकशी टोपी निघते आणि परागपुंज काडीला चिकटून येतात. ते दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर टेकवायचे. अवघड काय, तर कोणतं फूल निवडायचं ते.

संकर करणारा देखणं निवडतो, आणि इथेच माझं त्याच्याशी भांडण आहे. जंगलासाठी रोपं करताना तशी निवड चालत नाही. आमरीचं बी म्हणजे धूळ; त्यात अन्नाचा साठा नसतो, रानात बुरशीच्या मदतीनेच ते रुजतं. 1922 साली अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ नडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर, बुरशीशिवाय, ते रुजवून दाखवलं. तेव्हापासून एका बोंडातून हजारो रोपं करता येतात. पण ती सगळी भावंडं! तीच रानात लावली की झाडोरा दिसतो, आतून मात्र एकच घराणं. म्हणून बोंडं अनेक रोपांची हवीत, आखूड वेणीच्या आणि उशिरा फुलणाऱ्या रोपाचीसुद्धा.

माझ्या वहीत एका जांभळावरचं असं एक रोप आहे. वेणी जेमतेम वीतभर, ठिपके फिकट, आणि बाकीच्या झडल्यावर ही बाई फुलते. बरोबरचे विद्यार्थी म्हणाले, ‘सर, हिला कशाला मोजायचं?’ मी दोरा काढला.