विजेची लेकरे आणि विजेचा वणवा

श्रोतेहो, नमस्कार.

वणवा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर फाल्गुन-चैत्रातला डोंगर येतो. मोहाची फुले वेचायला सोपी जावीत म्हणून कोणी झाडाखालचा पाचोळा पेटवतो, तेंदूला पालवी चांगली फुटावी म्हणून कोणी काडी ओढतो आणि ती आग आवरत नाही. आपल्याकडचे बहुतेक वणवे असे माणसाच्या हातून लागतात. आज मी ज्या वणव्याविषयी बोलणार आहे तो आभाळातून पडतो आणि तो पडतो ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, आर्नहेम लँड नावाच्या, आदिवासींच्या मालकीच्या प्रदेशात.

या प्रदेशाच्या पश्चिम भागात वालुकाश्माचे मोठे पठार आहे. तिथल्या रहिवाशांचे, म्हणजे बिनिंज लोकांचे, वर्ष सहा ऋतूंचे असते. एप्रिलच्या सुमारास पाऊस संपतो तेव्हा आपल्या ज्वारीच्याच गोतावळ्यातले एक गवत माणसाच्या डोक्यावरून गेलेले असते आणि पुढचे सहा महिने ते वाळत राहते. ऑक्टोबरमध्ये कुनुमेलेंग हा ऋतू सुरू होतो. या दिवसांत ढग दाटतात, गडगडाट होतो, परंतु पावसाचे थेंब तापलेल्या हवेतून खाली येता येताच विरून जातात. वीज मात्र विरत नाही. पाऊस वाटेत आटतो आणि वीज जमिनीवर पोहोचते, एवढे ध्यानात ठेवा, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे.

आता मला एका नाकतोड्याची गोष्ट सांगू द्या.

पठाराला लागून असलेल्या काकाडू राष्ट्रीय उद्यानात बुरुंगकुय नावाचा प्रचंड खडक आहे आणि त्याच्या कपारीत नामारगोनचे चित्र आहे. नामारगोन म्हणजे वीजपुरुष. त्याची आकृती काटकुळी आहे, हातापायांना आणि डोक्याला जोडत गेलेला कमानदार पट्टा ही त्याची वीज आहे आणि त्याच्या सांध्यांना दगडी कुऱ्हाडी बांधलेल्या आहेत. या कुऱ्हाडींनी तो ढग फोडतो, तोच गडगडाट. या वीजपुरुषाची लेकरे म्हणजे अल्यूर नावाचे नाकतोडे. विटकरी अंगावर निळे ठिपके असलेला हा किडा वर्षभर झुडपात लहान आणि फिकट राहतो, पावसाळ्याच्या तोंडाशी पूर्ण वाढतो आणि मग त्याचा रंग असा खुलतो की तो लांबूनही नजरेत भरतो. तो दिसू लागला की लेकरे बापाला शोधायला निघाली, आता विजा येणार, असे बिनिंज मानतात.

1845 च्या नोव्हेंबरात लुडविग लाइखहार्ट हा जर्मन प्रवासी क्वीन्सलंडहून हजारो किलोमीटर चालत या पठारावर आला आणि त्याने हे विटकरी-निळे नाकतोडे पाहून टिपून ठेवले. त्यानंतर शास्त्रज्ञांना हा किडा 1970 च्या दशकापर्यंत दिसलाच नाही. सव्वाशे वर्षे तो हरवला होता म्हणे! बिनिंजांकडे तो दरवर्षी येत होता, फक्त त्यांना कोणी विचारले नाही. आजही इंग्रजीत तो लाइखहार्टचा नाकतोडा म्हणूनच ओळखला जातो. वाटसरूचे नाव लागते आणि घरच्यांचे लागत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. आज संधी मिळाली म्हणून तीही करून घेतो.

या नाकतोड्याचा स्वभाव त्याच्या मुळावर येणारा आहे. तुळशीच्या कुळातली, उग्र वासाची काही मोजकी झुडपे हेच त्याचे अन्न आणि हेच त्याचे घर, आणि धोका दिसला तरी तो झुडूप सोडून फार दूर जात नाही. वाळल्या गवताला वीज लागून सलग मोठा पट्टा जळाला की झुडपे जातात, पिल्ले जातात आणि शेजारचे नाकतोडे इतक्या अंतरावर असतात की ती जागा पुन्हा भरायला वर्षे लागतात. विजेला हाक मारणारी लेकरे विजेच्याच आगीत संपतात.

ही आग विझवतात तिथले आदिवासी वनरक्षक, ज्यांना रेंजर म्हणतात. दूरचित्रवाणीवर वणवा म्हणजे लाल द्रव सांडणारे विमान असते, पण मला विचाराल तर खरे काम दाताळे हातात घेतलेला माणूसच करतो. या पठारावर बंब चढत नाही आणि नळीला पाणी नसते. हेलिकॉप्टर लहान तुकडीला कड्यावर उतरवून जाते. मग ते लोक पाठीवरच्या ब्लोअरने, आपल्या मेळघाटातले वनरक्षक वापरतात तशाच यंत्राने, पाचोळा उडवून खडक किंवा माती उघडी करतात आणि त्या जाळरेषेवरून समोरच्या आगीच्या दिशेने उलटी आग सोडतात. रात्री हवा ओलसर होते आणि आग मंदावते, म्हणून रात्र आणि पहाट मोलाची. सर्वांत दगा देते ते वाळवीने पोखरलेले झाड. आग त्याच्या पोकळीत शिरते, खोड धुराड्यासारखे पेटते आणि वरून ठिणग्या थेट जाळरेषेपलीकडे पडतात. त्यामुळे आग विझली असे वाटल्यावरही रेषेवर फेऱ्या घालाव्या लागतात.

तरीही विजेच्या वणव्याशी खरी लढाई मे-जूनमध्येच झालेली असते. गवत अर्धवट ओले असताना, रात्रीच्या दवाने आपोआप विझेल अशी लहान लहान आग जागोजागी लावायची, म्हणजे ऑक्टोबरात वीज कुठेही पडली तरी तिला जळलेला तुकडा आडवा येतो. पूर्वी माणसे पायी हिंडत हे करीत. पुढे लोक ख्रिस्ती मिशन आणि वसाहतींकडे गेले, पठार ओस पडले आणि मोठे वणवे माजले. बार्डायल नाजामेरेक हे वृद्ध चित्रकार परतले आणि 2002 मध्ये त्यांनी कबुलवर्नाम्यो ही वस्ती उभी केली. आता पायी जाळणाऱ्यांच्या जोडीला हेलिकॉप्टरही असते. त्यातून टाकायच्या गोळ्यांत पोटॅशियम परमँगनेट असते, म्हणजे आपण विहिरीत टाकतो तीच जांभळी पूड. तिच्यात ग्लायकॉल टोचले की काही सेकंदांत ती पेट घेते. (विहिरीच बुजवल्यामुळे ही पूड आताच्या मुलांना ठाऊक नाही, हे दुःख वेगळे.)

या कामाला पैसाही मिळाला. 2006 मध्ये डार्विन या शहरातल्या नैसर्गिक वायू प्रकल्पाशी 17 वर्षांचा करार झाला. लवकर लावलेली आग थोडे जाळते, त्यामुळे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड कमी निघतात. सुमारे 28 हजार चौरस किलोमीटरवर हे काम करून वर्षाला एक लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन वाचवायचे आणि त्याचा मोबदला त्या प्रकल्पाने रेंजरांना द्यायचा, असा तो करार होता. थोडक्यात, मे महिन्यात लावलेली लहान आग ऑक्टोबरची मोठी आग अडवते.

नोव्हेंबरात त्या न जळलेल्या तुकड्यांतल्या झुडपांवर विटकरी नाकतोडे दिसू लागतात, आणि रेंजर मंडळी ब्लोअरच्या टाक्या भरून ठेवतात.

नमस्कार.