किती वेळ, कुठं, कुठल्या महिन्यात?

मंडळी, फलकावर विषय म्हादई नदीच्या पाण्याचा लिहिलाय. तिथं येतोच. पण आधी पावसाळ्यात हमखास कानावर पडणारं एक वाक्य घेऊ: 'धरणातून एक लाख क्युसेक पाणी सोडलं.' हे ऐकलं की चिक्कोडी-निपाणीकडचा नदीकाठचा माणूस गोठ्यातली जनावरं सोडायला उठतो. त्याला जे हवं ते या वाक्यात नसतंच: किती वेळ?

क्युसेक म्हणजे वाहण्याचा दर. सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर, मोठ्या दोन घागरी धरा. टीएमसी म्हणजे साठा, 100 कोटी घनफूट. 11,574 क्युसेक चोवीस तास वाहिले की 1 टीएमसी होतं. वही काढलीत, छान, लिहूनच घ्या. एक लाख क्युसेक दिवसभर चाललं तर 8.64 टीएमसी, तेच दोन तास चाललं तर पाऊण टीएमसीही भरत नाही. बातमी मात्र दोन्हीची एकच.

आता अलमट्टी, कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण. पाणीपातळी 519.6 मीटरला गेली की साठा 123 टीएमसी. ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर एक बाजू म्हणते सगळं अलमट्टीमुळं, दुसरी म्हणते काही संबंध नाही. दोघंही साठ्याचा आकडा पुढं करतात. समजा, आवक तीन लाख क्युसेक आणि दरवाजांतून जातंय अडीच लाख. धरण दिवसाला 4.32 टीएमसी चढणार. वीस टीएमसी जागा मोकळी ठेवलीत, तरी पाच दिवसांची उसंत नाही. आवक-जावक तासातासाला जुळवणं हे खरं काम. फुगवटा, म्हणजे धरणामागं नदीत तुंबणारं पाणी, किती मागं येतो हे तर साठ्यावरून कळतच नाही. वरच्या अंगाला कृष्णेवरच्या अंकली, कुडचीच्या पुलांजवळची पातळी आणि त्याच तासाची अलमट्टीची पातळी शेजारीशेजारी मांडा, मग भांडा.

बेळगावला पाणी देणारा राकसकोप जलाशय आपण फुटांत मोजतो. जलाशय परातीसारखा वर पसरट असतो. वरच्या फुटात जेवढं पाणी, तेवढं तळाच्या फुटात नसतं. उन्हाळ्यात 'अजून इतके फूट आहे' यावर निर्धास्त राहिलं की फसगत होते.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. म्हादई.

या नदीच्या पाण्यावरून कर्नाटक-गोव्यात वाद, त्यावर नेमलेल्या लवादाचा निवाडा 14 ऑगस्ट 2018 चा. कर्नाटकाला 13.42 टीएमसी. त्यातलं 8.02 विजेसाठी, वीज झाली की पुन्हा नदीत. 1.5 खोऱ्यातच वापरायचं. मलप्रभा नदीत वळवायचं ते कळसा नाल्याचं 1.72 आणि भांडुरा नाल्याचं 2.18, मिळून 3.9. पाणी वळवण्याचे विरोधक 13 चा आकडा सांगतात. समर्थक म्हणतात, खोऱ्यात सुमारे 188 टीएमसी, त्यातलं हे दोन टक्के. भागाकार बरोबर, छेद चुकलाय. कळसाचं पाणी कणकुंबी गावापाशी नाल्यातून उचलणार, मग टक्के कळसाच्या पाण्याचे सांगा. आणि जून ते सप्टेंबर वेगळे, जानेवारी ते मे वेगळे. पलीकडं गोव्यात 'म्हादई आटणार' म्हणतात, त्यांनाही हेच विचारायचं: कुठल्या गावापाशी, कुठल्या महिन्यात, किती क्युसेकवर?