सुपर कॉन्स्टेलेशन: बोगमाळोचे आणि कपाटातले

(दृश्य: संग्रहालयाचे आवार. विमानाच्या नाकापासून शेपटीपर्यंत सावकाश फिरणारा कॅमेरा.)

गोव्यात दाबोळी विमानतळाला लागून, बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचे विमानन संग्रहालय आहे. १९९८ साली ते सुरू झाले. तिथल्या उघड्या आवारात उभे असलेले हे लॉकहीड एल-१०४९जी सुपर कॉन्स्टेलेशन. अंगावर नौदलाचा रंग, क्रमांक आयएन ३१५. मूळचे मात्र हे एअर-इंडिया इंटरनॅशनलचे प्रवासी विमान, ‘रानी ऑफ एलोरा’. तिथून ते हवाई दलात गेले आणि १९७६मध्ये सागरी टेहळणीचे काम नौदलाकडे आले, तेव्हा नौदलात.

या विमानाचे मॉडेल घ्यायचे किंवा बांधायचे असेल, तर गोव्यातल्या माणसाची एक मोठी सोय आहे. खोक्यावरच्या चित्रावर विसंबायची गरज नाही, अस्सल धातू समोर उभा आहे.

बाजूने बघा. धड सरळ नळीसारखे नाही. नाक खाली झुकलेले आहे, कारण भल्यामोठ्या पंख्यांसाठी विमान उंच उभे करावे लागले आणि नाक खाली आणले नसते तर पुढच्या चाकाचा पाय आणखी लांब झाला असता. शेपटी वर उचललेली, पंखावरून येणाऱ्या विस्कटलेल्या हवेतून बाहेर काढण्यासाठी. त्यामुळे धडाचा व्यास जागोजागी बदलतो आणि मधली रेषा माशाच्या पाठीसारखी वळत जाते. साचे करणारे नेमके इथेच फसतात. पोट सपाट होते, नाहीतर मागचा चढ अर्ध्यावरच थांबतो. विक्रेत्याकडून ठीक बाजूने काढलेला फोटो मागवा आणि पाठीची व पोटाची रेषा या विमानाच्या फोटोवर ठेवून बघा. तिरक्या फोटोत सगळीच मॉडेले देखणी दिसतात.

(दृश्य: खिडक्यांची रांग, जवळून.)

दुसरी खूण खिडक्या. आधीच्या एल-७४९ कॉन्स्टेलेशनच्या खिडक्या गोल, १०४९च्या चौकोनी. सुपरचे धड ७४९पेक्षा ५.५९ मीटरने लांब, म्हणजे १/२००च्या मापात (खऱ्याच्या दोनशेव्या भागाएवढ्या मॉडेलवर) जवळजवळ २८ मिलिमीटर. ७४९चा साचा १०४९च्या नावाने विकला जात असेल, तर साधी पट्टी लावली तरी चोरी पकडता येते.

नाकाचे प्रकरण जरा नाजूक आहे. हवामानाचा रडार बसवलेले नाक साध्या नाकापेक्षा सुमारे ७९ सेंटिमीटर लांब. १/१४४मध्ये हा फरक साडेपाच मिलिमीटर पडतो, डोळ्यांना सहज कळेल इतका. तुम्हाला ज्या वर्षीचे विमान हवे आहे, त्या वर्षीचा फोटो शोधूनच नाक ठरवा. बोगमाळोचे विमान पुढे लष्करी सेवेत राबले, त्यामुळे त्याच्यावरची प्रत्येक अँटेना प्रवासी रूपात चिकटवू नका. इथून आकार घ्यायचा, तपशील जुन्या फोटोंवरून.

रंगाचेही तसेच. १९६२पर्यंत कंपनीचे नाव एअर-इंडिया इंटरनॅशनल होते. नुसते एअर-इंडिया लिहिलेले सुपर कॉन्स्टेलेशन दिसले, तर आधी वर्ष विचारा.

आता मिळते काय? प्लास्टिकच्या किटमध्ये, म्हणजे सुटे भाग जोडून बांधायच्या संचांत, १/७२साठी हेलर कंपनी, १/१४४साठी रेव्हेल. १/७२चे विमान पंखांच्या टोकांमध्ये ५२ सेंटिमीटर भरते, तेव्हा आधी कपाट मोजा. १/१४४चे २६ सेंटिमीटर. धातूची तयार मॉडेले बहुतेक १/२०० आणि १/४००मध्ये येतात. एका रंगाची खेप छोटी असते, ती संपली की तोच साचा पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीच्या रंगात येतो. एअर-इंडियाच्या रंगासाठी मग जुन्या मालाच्या बाजारात फिरावे लागते. परदेशातून मागवताना जकात धरूनच हिशेब करा: खेळणी आणि छोटी मॉडेले जकातीच्या यादीत एकाच शीर्षकाखाली येतात आणि २०२३च्या अर्थसंकल्पात त्यांवरची मूळ जकात ६० टक्क्यांवरून ७० टक्के झाली. लॅकर (झटपट वाळणारा रंग) आणि तो पातळ करणारा थिनर ज्वलनशील, विमानटपालाने येत नाहीत. ते देशातच घ्यावेत.

(दृश्य: काळ्या चकचकीत अस्तरावर चंदेरी थर चढताना.)

सगळ्यात जास्त कसोटी धातूच्या रंगाची. पोटाचा उघडा अ‍ॅल्युमिनियम दाखवायचा तर सांधा पुट्टीने भरून ४००, ८००, १२०० आणि शेवटी २०००च्या पाणकागदाने घासावा. चंदेरी रंग ओरखडा लपवत नाही, उलट उजळून दाखवतो. मग काळे चकचकीत अस्तर, ते पूर्ण वाळल्यावर धातूरंगाचे पातळ हात.

गोव्यात जून ते सप्टेंबर हे काम शक्यतो काढूच नये. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतले पाणी ओल्या थरावर बसते. चकाकी जाऊन दुधाळ झाक येते. थांबता येत नसेल तर एसीच्या बंद खोलीत, रंग फवारणाऱ्या कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा फिल्टर लावून, सावकाश उडणारा थिनर वापरून काम करा. झाक आलीच, तर कोरड्या दिवशी त्याच थिनरचा हलका फवारा मारला की बऱ्याचदा निघते.

जुन्या किटमधले डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चढवायची छापील नावे आणि पट्टे, पिवळे पडलेले असतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, काही दिवसांच्या उन्हाने पिवळेपणा उतरतो. पाण्यात सोडण्याआधी नको असलेला एक तुकडा भिजवून बघा. तो फुटला, तर सगळ्या कागदावर पारदर्शक लॅकरचा हात देऊन मगच कापा. नवीन छापून घेणार असाल, तर घरच्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही हे ध्यानात असू द्या. पांढरे छत आधी रंगवून घ्यावे, लाल पट्टा त्यावर. मॅट थरावर डेकल बसवला तर खाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी डाग दिसतात, म्हणून आधी चकचकीत वार्निश.

धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी एक गोष्ट राहते: नाकात वजन, नाहीतर मॉडेल शेपटीवर बसते. पंखांसकट सगळे टेपने जोडा, मागच्या चाकांच्या जागी बोटांवर तोला आणि नाक खाली जाईपर्यंत नाकाच्या आत शिशाचे तुकडे टाका. रंग आणि डेकल शेपटीकडेही वजन वाढवतात, तेव्हा दोन-तीन ग्रॅम जास्तच टाका. शिसे सुटून आत खडखडू नये म्हणून ते इपॉक्सीने बसवा.