कावळा शिवला नाही

नमस्कार श्रोतेहो. चित्रपटांवर बोलायचं आणि तेही रेडिओवर, म्हणून सुरुवात एका आवाजापासून करते. जुन्या वाड्याचं दार रात्री अगदी हळू उघडलं तर बिजागरी कशी तुटक तुटक करकरते, ते आठवा. आता तोच आवाज माळ्यावरून येतोय आणि तो माणसाच्या घशातला आहे, असं समजा. शब्द नाही, हुंदका नाही, किंकाळीही नाही. नवऱ्यानं मान मोडून मारलेल्या बाईच्या गळ्यातून जेवढं बाहेर पडू शकेल, तेवढंच.

ही बाई म्हणजे 'जू-ऑन' या जपानी चित्रपटातली कायाको. पडद्यावर ती ताकाको फुजी यांनी उभी केली, पण घशातला तो आवाज दिग्दर्शक ताकाशी शिमिझु यांनी स्वतः काढलेला आहे. २००४ साली 'द ग्रज' नावानं याच चित्रपटाची अमेरिकन आवृत्ती आली. नायिका अमेरिकन, पैसा अमेरिकन, पण दिग्दर्शक शिमिझुच, कायाको फुजीच आणि घशातली करकरही तीच. एकच भूत दोन देशांच्या प्रेक्षकांसमोर उभं राहिलं आणि दोन्हीकडचे लोक वेगवेगळ्या कारणांनी घाबरले. आज मला त्या कारणांबद्दल बोलायचं आहे.

२००२ पासून सहा-सात वर्षं हॉलिवूडनं जपानी भूतपटांचे रिमेक एकामागून एक काढले. सुरुवात 'द रिंग'नं झाली. गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. एक व्हिडिओ कॅसेट आहे. ती पाहिली की फोन वाजतो आणि सात दिवसांनी पाहणारा मरतो. मूळ जपानी चित्रपट 'रिंगू' १९९८ चा, दिग्दर्शक हिदेओ नाकाता. त्याच्याही मागे कोजी सुझुकी यांची १९९१ ची कादंबरी आहे. कादंबरीत शोध घेणारा पत्रकार पुरुष आहे. नाकातांच्या चित्रपटात त्या जागी रेइको नावाची, योइची या मुलाला एकटीनं वाढवणारी आई आली. नाकातांच्या आधी जपानी टीव्हीवर एक रूपांतर झालं होतं, आणि १९९९ मध्ये कोरियातही एक झालं. म्हणून कुणी ठासून सांगू लागलं की मूळ ते मूळ आणि रिमेक म्हणजे उष्टं, तर मला ते पटत नाही. ही गोष्ट हातोहात फिरत आली आहे. कॅसेटची नक्कल करून पुढे द्यायची, हाच तर त्या गोष्टीचा गाभा आहे.

गोर व्हर्बिन्स्की यांचा 'द रिंग' ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेत लागला. पहिल्या तीन दिवसांत त्यानं सुमारे दीड कोटी डॉलर कमावले. भयपटाचं सहसा असं होतं की पहिल्या आठवड्यात गर्दी आणि दुसऱ्या आठवड्यात ओसरती. इथे दुसऱ्या आठवड्याच्या त्याच तीन दिवसांत कमाई एक कोटी पंच्याऐंशी लाखांवर गेली. थिएटरं वाढवली होती हे खरं, पण ती भरलीही. म्हणजे पाहून आलेला माणूस दुसऱ्याला म्हणत होता, तू बघच. जगभरात मिळून चित्रपटानं जवळजवळ पंचवीस कोटी डॉलर मिळवले. जपानमध्येसुद्धा तो चांगला चालला, हे मला विशेष वाटतं. आपलं भूत परदेशात जाऊन कसं दिसतं, ते पाहायला लोक गेले.

मी स्वतः आधी रिमेक पाहिला. सांगलीला आमच्या घरी, कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून भाड्यानं आणलेल्या डीव्हीडीवर. आई शेजारी मेथी निवडत बसली होती. इंग्रजी संवाद मी तिला अधूनमधून मराठीत सांगत होते. चित्रपटाच्या शेवटाकडे नायिका विहिरीत पडते, तिथे तिला त्या मुलीचा सांगाडा सापडतो, ती त्याला कुशीत घेते. विहिरीत ढकललेल्या पोरीला इतक्या वर्षांनी कुणीतरी जवळ घेतलं. नायिकेचे सात दिवस संपतात आणि ती मरत नाही. आईनं मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, "सुटली बिचारी."

मलाही तसंच वाटलं. अमेरिकेतल्या थिएटरमध्ये बसलेल्या लोकांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांच्याकडच्या भूतकथांची रीत तीच आहे. अन्याय शोधून काढा, हाडं नीट पुरा, भूत निघून जातं. आपली रीत वेगळी कुठे आहे? इच्छा राहिली असेल तर ती पुरी करा, दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की जीव मोकळा झाला. उशिरा शिवला तर हात जोडून काय काय कबूल करतो आपण. पण शिवतो शेवटी.

आणि मग नायिकेचा लहान मुलगा झोपेतून उठून डोळे मोठे करून विचारतो, तू तिला मदत केलीस? तिला मदत करायला नको होती. पुढच्या काही मिनिटांत दुसऱ्या एका घरात टीव्ही आपोआप लागतो आणि ती मुलगी विहिरीतून वर येते, चालत चालत काचेच्या बाहेर येते.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे कावळा शिवलाच नाही."

श्रोतेहो, या चित्रपटांवर मी पुष्कळ वाचलं, पण त्या वाक्याएवढं नेमकं मला काही सापडलं नाही. अमेरिकन प्रेक्षक त्या प्रसंगाला का हादरला ते त्यात आहे. दार बंद झालं असं आपण समजलो होतो आणि ते बंद होणारच नव्हतं.

जपानी प्रेक्षकाला मात्र ही शंका आधीपासून असते. तिकडे ओन्रियो नावाचं भूत आहे, सूडानं पेटलेलं. ते अन्याय करणाऱ्यापाशी थांबत नाही. ओकिकूची जुनी कथा जपानमध्ये घराघरात ठाऊक आहे. ओकिकू ही मोलकरीण. मालकाच्या दहा मौल्यवान ताटांपैकी एक हरवल्याचा तिच्यावर आळ येतो आणि तिचा देह विहिरीत टाकतात. मग रात्री विहिरीतून मोजण्याचा आवाज येतो. एक, दोन, तीन... नऊपर्यंत. दहावं ताट नसतं, म्हणून नवानंतर किंचाळी. हिमेजीच्या किल्ल्यात ओकिकूची म्हणून एक विहीर आजही दाखवतात. जपानी भूत पांढऱ्या किमोनोत असतं, कारण प्रेताला पांढरं नेसवतात. केस मोकळे, कारण जिवंत बाई पूर्वी केस बांधून असायची. अठराव्या शतकापासूनच्या चित्रांत त्याला पाय काढत नाहीत. आपल्या हडळीचे पाय उलटे, त्यांच्याकडे पायच नाहीत. तर 'रिंगू'मधली सादाको जेव्हा पांढऱ्या कपड्यांत, केसांनी तोंड झाकून विहिरीतून बाहेर येते, तेव्हा जपानी माणसानं तिला ओळखलेलं असतं. त्याला भीती वाटते ती, ही ओळखीची बाई आपल्या दिवाणखान्यातल्या टीव्हीपर्यंत पोचली याची.

अमेरिकन माणसाकडे ती ओळख नव्हती, म्हणून रिमेकला पुष्कळ काही समजावून सांगावं लागलं. त्यातली मुलगी समारा. तिला दत्तक घेणारे आईबाप, त्यांचे घोडे, घोड्यांचं वेड लागून मरणं, इस्पितळातल्या नोंदी, सगळं येतं. सातच दिवस का, याचंही उत्तर मिळतं, कारण विहिरीत ती सात दिवस जिवंत होती. जपानी चित्रपटात सात दिवसांचं कारण कुणी सांगत नाही. रिमेकमध्ये फोन उचलला की आवाज सांगतो, सात दिवस. मूळ चित्रपटात फोनवर शब्दच नाहीत, नुसती कॅसेटमधली धातू घासल्यासारखी खरखर आहे. रिमेक मूळ चित्रपटापेक्षा जवळजवळ वीस मिनिटांनी लांब आहे, आणि त्या वीस मिनिटांत बहुतेक उत्तरं भरलेली आहेत.

इथेच प्रेक्षकांत दोन तट पडतात. एक गट म्हणतो, रिमेकमध्ये गोष्ट नीट कळते, जपानी चित्रपट संथ आहे आणि त्यात काही घडत नाही. दुसरा म्हणतो, उत्तर दिलंत तिथे भीती गेली. मी दोन्ही गटांत राहून आले आहे. रिमेकनंतर काही महिन्यांनी 'रिंगू' पाहिला, तेव्हा मला तो चक्क मिळमिळीत वाटला होता. धक्का बसेल म्हणून मी प्रत्येक दरवाजाकडे बघत होते आणि दरवाजे नुसतेच उघडत होते. आता मला कळतं की मी कान बंद ठेवून तो पाहिला होता. बऱ्याच वर्षांनी रात्री एकटीनं, हेडफोन लावून पुन्हा पाहिला, तेव्हा त्यातली शांतता ऐकू आली. संगीत थांबतं आणि तुम्हाला खोलीचा आवाज ऐकू येतो. त्यांच्या खोलीचा की आपल्या, हे काही क्षण समजत नाही.

टीव्हीतून बाहेर येण्याचा प्रसंग दोन्हीकडे आहे, आणि माझ्या मते सगळा फरक तिथे दिसतो. रिमेकमध्ये मुलीचं सडलेलं तोंड आपल्याला स्पष्ट दाखवतात. लोक ओरडतात, आणि ओरडून झालं की मोकळे होतात. नाकातांनी तोंड दाखवलंच नाही. केसांच्या आडून फक्त एक डोळा, खाली फिरलेला. तो डोळाही अभिनेत्रीचा नव्हता. चित्रीकरणातल्या एका पुरुषाच्या पापण्यांचे केस उपटून तो घेतला होता. सादाको झालेल्या रिए इनो यांना उलट्या पावलांनी चालायला लावलं आणि चित्रफीत उलटी फिरवली. त्यामुळे ती पुढे येते खरी, पण अंग पुढे यायला तयार नसल्यासारखी. हे काही न जाणता पाहणाऱ्यालाही पोटात काहीतरी चुकतंय असं वाटतं. मला नाकातांचा डोळा अधिक थोर वाटतो, हे मी उघडपणे सांगते. तरी रिमेकचा तो पावसाळी, हिरवट उजेड आणि बोटीवर घोडा बिथरून समुद्रात उडी घेतो तो प्रसंग, हे कुणाची नक्कल नाही. ते त्यांचं स्वतःचं आहे आणि फार चांगलं आहे.

आता पुन्हा कायाकोकडे येते. जू-ऑन या शब्दात शाप आणि मनात साचलेला राग, दोन्ही एकत्र आहेत. आपल्याकडे तळतळाट म्हणतो ना, जवळपास तेच. पण आपला तळतळाट ज्यानं छळलं त्याला लागतो, फार तर त्याच्या घराण्याला. कायाकोचा तळतळाट त्या घरात पाऊल टाकणाऱ्या कुणालाही लागतो. म्हाताऱ्या आजींची सेवा करायला आलेल्या मुलीलाही. तिचा दोष काय, असं विचारायची सोयच नाही. 'द ग्रज'मध्ये हे सगळं टोकियोतच ठेवलं, आणि घरात शिरणारी माणसं अमेरिकन केली, ज्यांना शेजाऱ्यांची भाषाही धड येत नाही. हा बदल मला मोठा समजूतदार वाटतो. परक्या प्रेक्षकाचं परकेपण त्यांनी पात्रांना दिलं. पहिल्या तीनच दिवसांत चित्रपटानं सुमारे तीन कोटी नव्वद लाख डॉलर मिळवले. समीक्षक नाराज होते. काळ मागेपुढे उड्या मारतो, काय चाललंय कळत नाही, अशी पुष्कळांची तक्रार होती. पण तो करकरता आवाज तरुण मुलं घरी घेऊन गेली.

त्यानंतरच्या रिमेकांची कथा थोडक्यात. २००५ चा 'डार्क वॉटर' मला आवडतो. छतातून झिरपणारं पाणी, मुलीच्या ताब्यासाठी झगडणारी आई, न्यूयॉर्कमधल्या मोठ्या इमारतीतला एकटेपणा. किंचाळ्यांच्या आशेनं आलेल्या लोकांना त्यात एक दुःखी बाई भेटली आणि ते निराश होऊन परतले. चूक चित्रपटाची नव्हती, जाहिरातीची होती. २००६ चा 'पल्स' आणि २००८ चा 'वन मिस्ड कॉल' यांबद्दल बोलण्यासारखं फार नाही. लांब केसांची पोर इतक्यांदा येऊन गेली होती की लोक आता तिला हसू लागले होते. जपानमध्येही तेच झालं. २०१२ मध्ये नव्या चित्रपटाच्या प्रचारासाठी सादाकोनं टोकियोच्या बेसबॉल मैदानात सामन्याचा पहिला चेंडू टाकला.

पण २०१७ साली अमेरिकेतल्या टीव्हीच्या एका दुकानात, प्रचारासाठीच, भिंतीवरच्या टीव्हीमागून तशी मुलगी बाहेर काढली होती. समोर खरेदीला आलेली साधी माणसं होती. तिची टिंगल करणारे चित्रपटही त्यांनी पाहिले असतील, तरीसुद्धा ती माणसं जीव घेऊन पळाली.

आणि एक राहिलं. 'द रिंग' आणि 'रिंगू', दोन्ही चित्रपटांचा शेवट. जीव वाचवायचा तर कॅसेटची नक्कल करून दुसऱ्या कुणाला तरी दाखवावी लागते. नायिकेच्या लहान मुलानंही ती पाहिलेली असते. रिमेकमध्ये आई मुलाकडून नक्कल करवून घेते. मुलगा विचारतो, ज्याला दाखवू त्याचं काय होईल? आई उत्तर देत नाही. ती कॅसेट कुणाला मिळणार हे आपल्याला कळत नाही, आणि थिएटरमधल्या प्रत्येकाला वाटून जातं की ती आपल्यालाच मिळाली.

जपानी चित्रपटात रेइको गाडी काढते, कॅसेट आणि व्हिडिओ प्लेअर बरोबर घेते आणि वडिलांना फोन करते. बाबा, मी निघाले आहे, एक काम आहे तुमच्याकडे, योइचीसाठी. समोर लांब रस्ता आणि आभाळ भरून आलेलं.

हा शेवट मी आईला नंतर कधीतरी दाखवला. यावेळी तिच्या हातात काही निवडायला नव्हतं. ती पडद्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "अगं, स्वतःच्या बापाकडे चाललीये ती."

आई म्हणाली, "नातवाचं नाव घेतलंय ना तिनं. मग तो नाही म्हणणार नाही."