कॉट, अनामत आणि कोड

[दृश्य: पेठेतलं गोदाम. भिंतीला टेकवलेल्या कॉटा, वॉकर.]

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातून पेशंटला घरी सोडलं, की नातेवाइकांची धावपळ सुरू होते ती कॉटसाठी. महिन्या-दोन महिन्यांसाठी नवी घेणं परवडत नाही. मग कुणीतरी सांगतं, अमक्या संस्थेत जा. कॉट, वॉटर बेड, कमोडची खुर्ची, सगळं मिळतं. अनामत भरायची, वापरायचं, परत आणून द्यायचं.

अशाच एका संस्थेचा कारभार वहीत चालायचा. 2019 च्या महापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 43. खालच्या खणातली वही भिजून लगदा झाली. ज्यांनी पावत्या जपल्या होत्या, त्यांच्या अनामतीचा हिशेब लागला. बाकीच्यांचा शब्दावर.

[दृश्य: काउंटर. लॅपटॉपभोवती पोरं.]

ही चौघं पुण्याच्या कंपन्यांची नोकरी कोल्हापुरातल्या घरी बसून करतात. वहीच्या जागी सॉफ्टवेअर करायला रविवार संस्थेला दिला, फुकट.

त्यांच्या पहिल्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: 'परत करण्याचं कारण'. तो भरल्याशिवाय पुढं जाताच येईना. काउंटरवरच्या मावशींनी हात आखडला. "कॉट परत आणणाऱ्याला हे इचारू व्हय मी? पेशंट उठून बसला असंल तर माणूस आपणहून सांगतोय. न्हाई बोलला तर समजायचं की ओ."

रकाना तिथल्या तिथं गेला.

मग आडनावं. एकाच गावचे पाटील किती! मोबाईल नंबर नातवाचा, नातू मुंबईला. मावशी वहीत लिहायच्या, 'डेअरीच्या मागचे'. आता स्क्रीनवरही 'खूण' असा रकाना आहे, आणि माणूस सापडतो तो बहुतेक वेळा त्यावरूनच.

2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतल्या संगणकवाल्यांनी असंच विनामोबदला 'सहाना' नावाचं सॉफ्टवेअर उभं केलं. हरवलेली माणसं, छावण्या, मदतीचं साहित्य, सगळ्याची नोंद त्यात. त्याचा कोड खुला ठेवला होता, कुणीही घ्यावा नि वापरावा असा, म्हणून पुढच्याच वर्षी पाकिस्तानातल्या भूकंपात तो कामी आला.

[दृश्य: कॉटच्या डोक्याकडची पट्टी, रंगवलेलं नाव.]

इथलाही कोड खुला आहे. पण सर्व्हरचं भाडं कुणाला चुकलंय? कॉट देणाऱ्याचं नाव कॉटवर रंगवता येतं, सर्व्हरच्या बिलावर कुठं रंगवणार? पोरं तरी किती दिवस पुरणार? लग्नं होतील, नोकऱ्या बदलतील. खरं तर हे पहिल्या बैठकीत ठरायला हवं. बहुतेक ठिकाणी ते सॉफ्टवेअर बंद पडल्यावर आठवतं. इथं पासवर्ड संस्थेच्या नावावर आहेत, कोडची प्रत सचिवांकडे. दर महिनाअखेरीला छापील यादी निघते, ती वरच्या मजल्यावर राहते. पुराचं पाणी चढलं तरी तिथवर येत नाही.

सध्या काम चाललंय पावतीचं. पेशंट निपाणी-चिकोडीकडूनही येतात, आणि चिकोडीच्या पाव्हण्यांना ती कन्नडमध्ये हवी. चौघांतल्या एकाचं आजोळ संकेश्वरचं, त्यामुळं कन्नड तपासायचं काम त्याच्या मामांच्या गळ्यात पडलंय.