तगर नावाचं शहर

(सकाळ. तेरणेचा काठ. समाधीकडे चाललेले भाविक.)

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला माणसं येतात ती गोरोबाकाकांसाठी. समाधीवर माथा टेकवतात, नदीकाठी घटकाभर बसतात, एसटी धरतात. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाकडे त्यातले फार थोडे वळतात.

हे तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दीनं लिहून ठेवलंय: पैठणच्या पूर्वेला १० दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे. तिथलं जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून भडोच बंदरात जाते, तीही धड रस्ता नसलेल्या मुलखातून. रस्त्यांचं रडगाणं आपल्याकडे तेव्हापासूनचं!

शहर गेलं, पांढर उरली, म्हणजे जुन्या वस्तीची माती. पाऊस झोडपून गेला की तिच्या टेकाडांतून मणी, नाणी, खापरं उघडी पडायची. १९५८ साली पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी इथं रीतसर उत्खनन केलं. पण या संग्रहालयाचं मूळ आहे लामतुऱ्यांच्या घरात. गाव ज्याला खापर म्हणत होतं, ते त्यांनी वेचून जपलं.

(काचेचं कपाट. हस्तिदंती स्त्रीमूर्ती.)

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली इटलीतलं पॉम्पेई शहर गाडलं गेलं. १९३८ साली तिथल्या एका घरात जेमतेम वीतभर उंचीची हस्तिदंती बाई सापडली. अंगावर दागिनेच दागिने, आणि घडण अस्सल भारतीय. ती आता नेपल्सला असते. तिच्या नात्यातली एक जालना जिल्ह्यात भोकरदनला निघाली, आणि एक इथं, तेरला. नेपल्सची जगभर गाजली. आपल्या दोघींची नावं जिल्ह्याबाहेर कुणाला ठाऊक असतील तर नवल.

(कॅमेरा खालच्या फळीवर.)

मला मात्र जास्त आवडते ती ही मातीची बाहुली. केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीची, आतून पोकळ. पुढचा भाग एका साच्यातला, मागचा दुसऱ्या. ओले असतानाच दोन्ही चिकटवलेले. डोक्यावरचं सगळं नटणंथटणं मन लावून केलंय. आणि जरा वाकून बाजूनं पाहा... कानामागून खांद्याकडे उतरणारी ही बारीक रेघ. सांध्याची. कारागिराची ती पुसायची राहिली.

गोरोबाकाकांच्या आधी हजारेक वर्षं हा माणूस याच नदीकाठी चिखल मळत होता.